जावाचा डग्लस आणि भद्रकालीची ड्रेपरी

पोराला गॅदरिंगमध्ये टोमॅटो किंवा मावळा करायचा असेल, तर नाशकात कुठल्याही ड्रेपरीवाल्याकडे जा. सगळ्यांकडे तोच माल आहे आणि सगळ्यांच्या पगड्या सारख्याच ढिल्या आहेत. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या एका दुकानाबद्दल हे लिहितोय, ते आमच्यासारख्या हौशी मंडळींसाठी. भलत्या देशातलं, भलत्या काळातलं नाटक बसवायची खुमखुमी येते आणि तालमी संपत आल्या की लक्षात येतं, नटांच्या अंगावर घालायला काही नाही.

दुकान भद्रकालीत, बाजाराच्या मागच्या बोळात. पाटी नाही. खाली बॅगांच्या चेन बसवून देणारा बसतो, त्याच्या बाजूने लाकडी जिना वर जातो. जिना अरुंद आहे, जाड माणसाने आडवं होऊन चढावं. पाटी का नाही विचारलं तर काका म्हणाले, "पाटी लावली की लग्नवाले शेरवानी मागायला येतात." म्हणून नाव मीही लिहीत नाही. बॅगवाल्याला 'नाटकाचे कपडे' म्हटलं की तो मान वर करतो, तेवढं पुरे.

काका सत्तरीच्या पुढचे, गल्ल्यावर बसतात. खरं दुकान चालवतात त्यांच्या सूनबाई. सगळे त्यांना वहिनी म्हणतात, मीही म्हणतो. गळ्यात टेप, ब्लाउजला टाचण्या आणि समोर मोठं रजिस्टर. कोणता अंगरखा कुठल्या गावच्या कुठल्या मंडळाकडे गेलाय आणि कुणी तो न धुता परत केला, सगळं त्यात.

आता मला काय हवं होतं ते सांगतो, म्हणजे परीक्षा किती अवघड होती ते कळेल. अंबडच्या आमच्या कारखान्यातली काही मंडळी दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरतो. यंदा एकांकिका मी लिहिली, तीही तान चेंग बोक या इंडोनेशियाच्या नटावर. स्टोअरमधला आमचा गडी म्हणाला, "कराटेवाला का?" कराटेवाला नाही. हा माणूस 30 एप्रिल 1899 ला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात जन्मला. (30 एप्रिल हीच आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांची जन्मतारीख, साल 1870. यातून काही सिद्ध होत नाही, पण मला बरं वाटलं.) चिनी वंशाचा, गळा गोड, क्रोंचोंग नावाची तिकडची गाणी गायचा. पोरवयात घर सोडून नाटक कंपन्यांच्या मागे लागला आणि पुढे दार्दानेला या कंपनीचा बिनीचा नट झाला. अंगाने चपळ, तलवारबाजीत वाकबगार, म्हणून लोक त्याला 'जावाचा डग्लस फेअरबँक्स' म्हणायचे. (फेअरबँक्स म्हणजे मूकपटांच्या काळातला हॉलिवूडचा उड्या मारणारा, तलवारबाज नायक.) मग सिनेमात गेला, म्हातारपणी विनोदी भूमिका केल्या आणि 1985 मध्ये वारला. डच राज्य, जपानी फौजा, स्वातंत्र्य, टीव्ही, सगळं एका माणसाच्या आयुष्यात.

नाटक पंचेचाळीस मिनिटांचं, नट सात, काळ साठ वर्षांचा. आधी ज्या दुकानात गेलो होतो तिथल्या माणसाने 'चिनी' हा एक शब्द ऐकला आणि लोंबत्या मिशा, शेंडीसारखी लांब वेणी आणि टोपलीसारखी टोपी काढून समोर ठेवली. 1926 सालचा माणूस तेल लावून भांग पाडायचा हो, सुटाबुटात फोटो काढायचा, असं सांगून पाहिलं. "पब्लिकला कळायला नको का चिनी आहे ते?" असं उत्तर आलं. तिथून निघालो.

भद्रकालीच्या काकांनी वेगळाच प्रश्न विचारला. "कंपनी संगीत का गद्य?"

खरं सांगतो, नाटक लिहिताना हा प्रश्न मला स्वतःला इतका नेमका पडला नव्हता. मी म्हटलं, आधी संगीत, मग गद्य. आणि मग गल्ल्यासमोरच्या बाकावर बसून त्यांना सगळी हकिकत सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय कपडे ठरणार नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या जहाजाने पेनांग, सिंगापूर, बटाव्हियापर्यंत जायच्या. मागे पडदे, राजवाडे, पऱ्या, जरीचे झगे, दर दोन मिनिटांनी गाणं. तिकडच्या लोकांना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतःच्या भाषेत तसंच सुरू केलं. मलायात त्याला बांगसावान म्हणतात. जावात 1891 मध्ये सुराबायाला ऑगस्त माहियू नावाच्या माणसाने 'कोमेदी स्तांबुल' काढली, स्तांबुल म्हणजे इस्तंबूल. अरबी सुरस कथा, अलिबाबा वगैरे. तान लहानाचा मोठा झाला तो ह्याच हवेत.

काका म्हणाले, "म्हणजे आपलेच की." आणि उठून मागच्या खोलीत गेले.

त्यांचा मुद्दा बरोबर होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, त्यामागेही पारशी मंडळींचा गाण्याबजावण्याचा खेळ पाहिल्याची गोष्ट सांगतात. एका पेटाऱ्यातले कपडे, एक वाट पुण्याला गेली, एक सुराबायाला. काकांनी मागून जी दोन गाठोडी आणली त्यात संगीत नाटकांचा जुना माल होता: किनखापी अंगरखे, चुणीदार सुरवारी, जर काळी पडलेले शेले, फुंदे लावलेला एक तुर्की टोप. स्तांबुलच्या प्रवेशाला एवढं चपखल मी शोधून आणू शकलो नसतो. जर काळी पडलेली असली तरी दिव्याखाली ती चमकतेच, उलट नव्या प्लॅस्टिक जरीपेक्षा बरी दिसते. नवी जर फोकसखाली चॉकलेटच्या कागदासारखी लकाकते. हे अंगरखे मात्र आतून तपासून घ्या. बगलेत घामाने कापड विरलंय आणि वहिनींनी आतून अस्तर जोडून वेळ मारून नेली आहे.

ह्या दुकानाची खरी खुबी मात्र पुढच्या प्रवेशाला कळली.

दार्दानेला कंपनी 21 जून 1926 ला पूर्व जावातल्या सिदोआर्जोला सुरू झाली. मालक विली क्लिमानोफ, पिएद्रो म्हणून ओळखला जायचा. रशियन सर्कसवाल्यांच्या घरातला, जन्म पेनांगचा. सर्कशीतला माणूस नाटकात आला की काय करतो? शिस्त लावतो. स्तांबुलमध्ये पात्र आलं की आधी 'मी अमुक, मी तमुक' असं स्वतःची ओळख गाऊन सांगायचं, मध्येच कथेशी संबंध नसलेले नाच व्हायचे, गोष्ट रात्रीमागून रात्री लांबायची. दार्दानेला आणि तिची प्रतिस्पर्धी ओरियन, ह्या दोघींनी हे सगळं छाटलं. एक नाटक एका रात्रीत संपणार, अंक ठरलेले, मधली नाचगाणी बाद. आपल्याकडे सूत्रधार-नटीला रजा देऊन गद्य नाटक आलं, साधारण तसाच बदल. पण खेळ विकायचा तर भपका हवाच, म्हणून सुरुवातीला दार्दानेलाने गाजलेले परदेशी सिनेमे थेट रंगमंचावर आणले. झोरो, तीन शिलेदार, बगदादचा चोर. सगळ्या फेअरबँक्सच्या भूमिका. तान झोरो व्हायचा.

तर झोरो. काळी पाटलोण, काळा शर्ट, चेहऱ्यावर पट्टी, आणि मागे फडफडणारी केप. केप ह्या दुकानात होती. काळ्या सॅटिनची, आतून लाल, कुठल्या तरी जादूगाराच्या खेळासाठी शिवलेली. मी खूष होऊन पैसे काढायला लागलो तर वहिनींनी हात मध्ये घातला.

"ह्यात उभं राहायचंय का पळायचंय?"

पळायचंय, म्हटलं. पायऱ्यांवरून उडी मारायची आहे, तलवार चालवायची आहे, एका हाताने नायिकेला धरायचंय.

"मग ही नको. जादूगार उभा असतो."

त्यांनी केप माझ्याच खांद्यावर टाकली आणि मला दुकानात चालायला लावलं. सॅटिन निसरडं, गळ्याशी एकच बंद, त्यामुळे दोन ढांगांत केप पुढे येऊन हातात गुंतली. मग त्यांनी बंद उसवला, दोन्ही खांद्यांवर आतून हुक लावले, शर्टाच्या खांद्याला त्यांच्या जोडीचे फासे शिवले, आणि केपच्या खालच्या काठात मासेमारीच्या जाळ्याला असतात तसल्या शिशाच्या गोळ्या ओवल्या. वजनामुळे केप मागेच राहते, गिरकी घेतली की पूर्ण उघडते आणि लगेच खाली बसते. लाल अस्तर फक्त गिरकीत दिसतं. आमचा नट पॅकिंग विभागातला, साताठ किलो पोट असलेला, त्या केपमुळे खरंच चपळ वाटला. ह्या बदलाचे वेगळे पैसे वहिनींनी लावले नाहीत. "केप सुधारली, पुढच्या गिऱ्हाइकाला कामाला येईल," म्हणाल्या.

शिशाच्या गोळ्यांचा एक तोटा आहे. नायिकेच्या नडगीवर बसली. ती आता बोलत नाही नटाशी.

नायिकेवरून आठवलं. जावातल्या ह्या कंपन्यांत बायकांची कामं बायकाच करत होत्या आणि जाहिरात त्यांच्याच नावाने व्हायची. ओरियनची मिस रिबुत इतकी गाजली की दार्दानेलातही एक मिस रिबुत होती, प्रकरण भांडणापर्यंत गेलं आणि शेवटी हिला 'मिस रिबुत दुसरी' व्हावं लागलं. तीच 1926 ची सालं आहेत, जेव्हा आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून हाउसफुल्ल घेत होते. काकांना हे ऐकून गंमत वाटली, पण ते बालगंधर्वांच्या बाजूचे. "बाई बाई होते त्यात काय कौतुक?" ह्यावर त्यांच्याशी वाद घालू नका, वेळ जातो आणि मागे गिऱ्हाईक थांबलेलं असतं.

बायकांच्या कपड्यांत दुकान उघडं पडलं. देवी जा म्हणून दार्दानेलाची दुसरी मोठी नटी, जन्म 1914, पुढे कंपनीचा उरलासुरला ताफा घेऊन अमेरिकेपर्यंत गेली, युद्धात अडकली, तिकडचीच झाली आणि 1989 मध्ये लॉस एंजेलिसला वारली. तिच्या अंगावर बाटिकचं सारोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, आणि वर केबाया, म्हणजे पुढून उघडा, पिनांनी जोडलेला लांब झंपर. काकांनी सारोंग म्हणून चौकड्यांची मद्रासी लुंगी दिली. लुंगी पुरुषाची, चौकडी म्हणजे नाक्यावरचा हमाल, देवी जा नव्हे. नको म्हटलं तर "लांबून कोण बघतंय" आलं. नाट्यगृहात परीक्षक पहिल्या-दुसऱ्या रांगेत बसतात, लांबून नाही बघत. शेवटी मेन रोडवरून तपकिरी छापाचं सुती कापड घेतलं. केबाया वहिनींनी जुन्या नेटच्या झंपरांतून करून दिला, तो उत्तम. पण तुमच्या नाटकात आग्नेय आशियातल्या बायका असतील तर खालचं कापड घरून घेऊन जा.

पुरुषांचे त्या काळचे कपडे मात्र इथे आयते मिळतात, आणि ह्याचं मला सर्वांत जास्त नवल वाटलं. डच अमदानीत जावातले साहेब आणि शिकलेले लोक पांढरा बंद गळ्याचा कोट घालायचे. आपला जुना मामलेदारी कोट. काकांकडे असे चार आहेत, खरे सुती, काजाची बटणं काढून धुता येतील अशी. तिकडची काळी मखमली पेची टोपी आणि आपल्या आजोबांची काळी टोपी शेजारी ठेवा, पाचव्या रांगेतून फरक सांगता आला तर मी जेवण देईन. कोट 250 रुपये दिवसाला, टोपी फुकट.

1941 चा प्रवेश छोटा ठेवला होता, कारण कॅमेऱ्यासमोरचं दृश्य रंगमंचावर दाखवायचं म्हणजे पोरखेळ होतो. थोडं सांगायला हवं. जावातला पहिला कथापट 1926 चा. त्याच्या आठ वर्षं आधी, 1918 मध्ये, आपल्या नाशकात फाळक्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचं काम सुरू झालं होतं. तिकडे चित्रपटांचा जम बसेना. 1937 मध्ये 'तेरांग बुलान' चालला, रुकियाह नावाची रंगभूमीवरची गायिका त्यात नायिका होती, आणि निर्मात्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की प्रेक्षक ज्यांना तिकीट काढून बघतात ते नट तंबूत आहेत, त्यांना आणा. मग नाटकातली मंडळी भराभर स्टुडिओत गेली. तान 1941 च्या 'श्रीगाला इतेम'मध्ये होता. गोष्ट बुरखाधारी सूड घेणाऱ्या वीराची, झोरोचीच भाऊबंद. ज्या गोष्टीने रंगमंचावर नाव दिलं तीच कॅमेऱ्यासमोर. पुढच्याच वर्षी जपानी आले आणि स्टुडिओंना टाळं लागलं.

रुकियाह तर 1917 ची, 1945 मध्ये गेली. अठ्ठावीसही पूर्ण नाही. तिच्यावर वेगळं नाटक व्हायला हवं, पण ते मी लिहिणार नाही, आमच्यात गाणारी नटी नाही.

आता टोप. इथे मात्र दुकानाला शून्य गुण. शेवटच्या प्रवेशात तान म्हातारा आहे, पोराटोरांना हसवणारा. त्यासाठी पांढऱ्या केसांचा टोप मागितला तर नायलॉनचा, कपाळावर जाळीची कड दिसणारा, आधी कुणी तरी त्यात विश्वामित्र केलेला. उदबत्तीचा वास येत होता. काकांनी सोबत मेकअपमनही सुचवला. चांगला माणूस, हात भराभर चालतो, पण जुन्या वळणाचा. तानला रंगावरून 'इतेम' म्हणजे काळा असं टोपणनाव होतं, हे मी बोलताना बोलून गेलो, तर त्याने काळपट बेसचा डबा उघडला. आमचा नट मुळात सावळा आहे, त्याला आहे तसा राहू द्या म्हटलं. ऐकलं त्याने, पण चेहरा पाडून. म्हातारपण आम्ही शेवटी पावडर आणि चालीवर निभावलं.

बुटांचीही तीच गत. सगळे आठ नंबर. झोरोचे उंच बूट म्हणून मिळाले ते पावसाळी गमबूट, वर काळं रेग्झीन चिकटवलेलं. एका प्रयोगात रेग्झीन सुटलं. आम्ही आमच्या कारखान्याचे सेफ्टी शूज वापरले, पॉलिश करून. त्यात पोलाद असतं, उडीचा आवाज छान येतो.

व्यवहाराचं. एकूण भाडं आमचं तालीम आणि प्रयोग धरून साडेचार हजार झालं, अनामत तीन हजार रोख. परत देताना वहिनी प्रत्येक कपडा उलटा करून बघतात. केपच्या काठाला खिळ्यात अडकून चीर गेली होती, 200 रुपये कापले, पावती दिली. मला ते वावगं वाटलं नाही. धुऊन देऊ नका, असं त्या बजावून सांगतात. मंडळं घरच्या मशीनमध्ये किनखाप टाकतात आणि वाट लावतात. तसेच घडी करून द्या, धुलाई भाड्यात धरलेली आहे.

नाट्यगृहापर्यंत सामान पोचवण्याची सोय नाही. आम्हाला परशुराम साईखेडकर (प. सा.) नाट्यगृहापर्यंत न्यायचं होतं, अंतर काही नाही, पण त्या बोळात रिक्षा शिरत नाही. दोन मोठी गाठोडी खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत जावं लागतं. चाकांची बॅग न्या. खालचा बॅगवाला भाड्याने देतो, हेही नाटकवाल्यांना बघून त्याने सुरू केलंय.

स्पर्धेत आमच्या प्रकाशयोजनेला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांनी नंतर वेशभूषा कुणाची विचारलं, तेव्हा पाटी नसल्यामुळे पत्ता सांगताना बरीच पंचाईत झाली.

पाचपैकी चार देतो. एक टोपासाठी आणि बुटांसाठी मिळून कापला. डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका, सगळ्या शाळांची गॅदरिंगं तेव्हाच असतात आणि वहिनी तुमच्याशी धड बोलणारही नाहीत. गणपती संपल्यावर, दुपारी चारनंतर जा. नाटकाची संहिता घेऊन जा, निदान कोण कुठे उठतो, बसतो, पळतो एवढं तरी लिहून न्या. केप हवी असेल तर आधी फोनवर विचारा, सध्या ती सिन्नरच्या एका मंडळाकडे ड्रॅक्युलासाठी गेली आहे.